दोन्ही डाव्या बाजू

त्या गल्लीत पत्ता विचारला तर कुणी घराचा नंबर सांगत नसे. "सरळ जा, निवडुंग दिसेल, तिथून तिसरं दार," एवढं सांगितलं की माणूस बरोबर पोहोचायचा. निवडुंग साडेदहा फूट उंच होता. त्याच्यामागे टेलरचं दुकान आहे हे लोकांना जवळ गेल्यावर कळायचं. पाटी होती, पण ती कधीच निवडुंगाआड गेली होती. मास्तरांनी ती हलवली नाही. "पाटी वाचायला शिकावं लागतं, काटा सगळ्यांना कळतो," असं ते म्हणायचे. गल्लीतल्या टवाळांचं म्हणणं असं की, मास्तर सुया विकत आणतच नाहीत, दारात पिकवतात.

मास्तरांच्या बायकोला सगळे काजकाकू म्हणत. कोटाचं काज करावं तर काकूंनीच. शेजारच्या गॅरेजवाल्याकडे त्याच्या वडिलांचा एक कोट होता. तो विटला, बाह्या गेल्या, शेवटी गाडी पुसायला घेतला, तरी त्यावरची तीन काजं जशीच्या तशी होती. गॅरेजवाला ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. काकूंना त्याचा अभिमान होता, फक्त तो त्या उघड दाखवत नसत.

दुकान आणि घर एकच. पुढे कापायचं टेबल, दोन मशीनं, खिळ्याला टांगलेले कागदी बेत, म्हणजे कापडावर ठेवून कापायचे नमुने, पडद्यामागे उभा आरसा. मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. या सगळ्यात एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता तरी कधी मोडला गेला नाही. कातर मास्तरांची, सुई काकूंची. टेबलावर कापड अंथरलं की काकू दोन पावलं मागे सरायच्या. तुरपाई, बटणं, अस्तर, काजं, उसवणं, सगळं काकूंचं. कापणं मात्र मास्तरांचं. तेही घाईनं नाही. तीनदा मोजायचं, खडूनं रेघ मारायची, चहा प्यायचा, पुन्हा एकदा मोजायचं आणि मग एक घाव दोन तुकडे.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांचा कप बशीत वाजायला लागला. आधी त्यांनी बशीला दोष दिला. मग टेबल हलतंय म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला. मग एके दिवशी खडूची रेघ नागमोडी आली आणि ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. डॉक्टरांनी उजव्या हाताचा कंप आहे, औषधानं थोडा आटोक्यात राहील, असं सांगितलं. त्या दिवसापासून मास्तरांनी कातर पेटीत ठेवली. हातातली कामं काकूंनी पुरी केली, नवी घेतली नाहीत. वर्षभरानं घरमालकाचा निरोप आला की जुनी रांग पाडायची आहे, महिनाअखेरीपर्यंत खोल्या रिकाम्या करा.

लेकीनं झटपट आपल्या घरासमोरच जागा बघितली. पहिला मजला, दोन खोल्या, एक गॅलरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली तर लेकीला ऐकू जाईल इतकी जवळ. सगळं छान होतं. पण गॅलरीच्या वर दुसऱ्या मजल्याची गॅलरी होती आणि मधली उंची आठ फूट.

"आई, त्या दादाला मात्र इथेच ठेवा हं," लेक म्हणाली.

दादा म्हणजे निवडुंग. तो या घरात लेकीच्या आधी दोन वर्षं आला होता, म्हणून लहानपणापासून ती त्याला दादा म्हणायची. चार वर्षांची असताना ती एकदा त्याला मिठी मारायला गेली होती. काकूंनी तिच्या दंडातले एकोणीस काटे सुईनं काढले. त्या बहीणभावाचं पुढे कधी फारसं जमलं नाही.

"इथे ठेवला तर पहिल्याच दिवशी भिंतीखाली जाईल," मास्तर म्हणाले.

"बाबा, साडेदहा फुटाचं झाड आठ फुटात कसं बसवणार?"

"कापून."

"आणि नाही जगलं तर?"

"ते तेव्हा बघू. निवडुंग येणार नसेल तर मीही येत नाही. मलाही इथेच मातीत रोवा."

मास्तर हट्टी नव्हते. आमटी अळणी झाली तरी मुकाट जेवणारा माणूस. त्यांनी एवढं ताणून धरलं तेव्हा लेकीनं आईकडे बघितलं, आईनं खिडकीबाहेर बघितलं. काकूंनाही तो हवाच होता. पाणी घालायला विसरलं तरी रुसला नाही, खत मागितलं नाही, उन्हातान्हात दार राखून उभा राहिला, असा सोबती भिंतीखाली टाकून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. फक्त तो कापणार कोण, हे त्यांना कळत नव्हतं.

"माळ्याला बोलावू या," त्या म्हणाल्या. "तो कापेल."

"माळी येईल, सांगेल," मास्तर म्हणाले. "कापशील तू."

काकू हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की मास्तर हसत नाहीयेत.

"मी? मला कातर माहीत नाही."

"कातर नाही, करवत आहे."

"म्हणे करवत आहे. दगडापेक्षा वीट मऊ, तसं सांगताय. मी नाही हात लावणार."

आणि त्या भांडी गुंडाळायला आत गेल्या. भांडी गुंडाळताना त्यांना जे आठवलं ते त्यांनी एक्केचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्नाला तीन महिने झाले होते. मास्तर अस्तर आणायला गेले होते आणि टेबलावर कुणाच्या तरी कोटाचं काळपट निळं लोकरी कापड अंथरलेलं होतं. शेजारी पुढच्या भागाचा कागदी बेत. काकू, तेव्हा त्या काकू नव्हत्या, एकवीस वर्षांची मुलगी होती, तिला वाटलं की मास्तर यायच्या आत कापून ठेवावं, चकित होतील. बेत ठेवला, खडू फिरवला, कापलं. सरळ, सुरेख, एकही दातरा नाही. मग तोच बेत बाजूला ठेवला, खडू फिरवला, दुसरा भाग कापला. दोन्ही उचलून एकमेकांसमोर धरले तेव्हा तिला चूक दिसली. कोटाचा एक भाग डावा असतो, एक उजवा. दुसऱ्या वेळी बेत पालथा घालायला हवा होता. त्या कापडाची सुलटी बाजू वेगळी, उलटी वेगळी, त्यामुळे फिरवून घ्यायची सोयही नव्हती. तिनं दोन्ही डाव्याच बाजू कापल्या होत्या.

मास्तर आले, तुकडे बघितले, समोरासमोर धरले, घडी घातली. ओरडले नाहीत. "चहा टाक," म्हणाले. चहा झाल्यावर म्हणाले, "यापुढे कातर माझी, सुई तुझी."

"गिऱ्हाइकाला काय सांगणार?"

"ते मी बघून घेतो."

संपलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं. ओरडा चार दिवसांत विरतो. हे वाक्य विरलं नाही. मास्तरांनी पुन्हा त्या कोटाचा विषय काढला नाही, तिनंही काढला नाही, आणि सुईवर तिनं असा काही हात बसवला की बघत राहावं. पण लोक काजांचं कौतुक करायचे तेव्हा मनात कुठेतरी कुणीतरी म्हणायचं, काजं ठीक आहेत बाई, कातर तुला देणार नाहीत.

माळी दोन दिवसांनी आला. म्हणजे माजी माळी. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सरकारी बागेत तीस वर्षं काढून आता घरी बसलेला. निवडुंगाचं बोटभर कांड त्यानंच कधीकाळी दिलं होतं, एवढं काकूंना माहीत होतं. वर्षा-दोन वर्षांतून एखादी पँट आखूड करायला यायचा, झाडाभोवती एक फेरी मारून, "बरं चाललंय याचं," म्हणून जायचा. या वेळी त्याच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदू काढून आठच दिवस झाले होते.

"वाकायचं नाही, जोर करायचा नाही, असं डॉक्टरनं सांगितलंय," तो म्हणाला. "म्हणून नुसतं तोंड घेऊन आलोय."

"एकाचा हात गेला, एकाचा डोळा," काकू म्हणाल्या. "चांगली माणसं जमवलीत."

"म्हणून तर वहिनी, तुम्ही आहात."

त्या दिवशी त्यानं नुसतं खणून घेतलं, म्हणजे सांगून गॅरेजवाल्याकडून खणून घेतलं. निवडुंग एका जुन्या पत्र्याच्या डब्यात लावला होता, तो डबा कधीच गंजून गेला होता आणि मुळं जमिनीत पसरली होती. बुंध्यापासून दीड हातावर चारी बाजूंनी चर काढला. मुळं उघडी पडली, काही तुटली. "आता पाणी बंद," माळी म्हणाला. "तुटलेली मुळं सुकू देत. पाच दिवसांनी येतो, तेव्हा कापू. नंतर लगेच हलवायचा. आणि याला अंगभर काहीतरी जाड गुंडाळा, नाहीतर हमाल शिव्या देतील आणि कांडं सोलून निघतील."

अंगभर जाड काहीतरी. टेलरच्या घरात कापडाला काय तोटा? पण सगळं बांधून झालं होतं. बटणांचे डबे, रिळांची फळी, इस्त्री, अंगुस्तानं, सगळं खोक्यांत. काकूंनी पलंगाखालची पेटी ओढली. त्यात वर मास्तरांची कातर होती, मेणकापडात गुंडाळलेली. त्याखाली जुनी खोळ, जाड अस्तराचे तुकडे, आणि अगदी तळाशी एक घडी.

काळपट निळं लोकरी कापड. काकूंनी घडी उलगडलीही नाही. हाताला कळलं.

त्यांना वाटलं होतं की हे तेव्हाच टाकून दिलं. एक्केचाळीस वर्षं आपण ज्या पलंगावर झोपलो त्याच्याखाली आपलीच चूक घडी घालून ठेवली होती, हे त्यांना आता कळलं. नेमके तेव्हाच मास्तर दारात आले.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "जाड आहे. बुंध्याला हेच घाल."

"हे?"

"का? त्याला कुठे डावं-उजवं आहे? चारी बाजूंनी सारखाच."

मास्तर हे थट्टेनं म्हणाले. काकूंना ते काट्यासारखं लागलं. इतक्या वर्षांनी, घर सोडताना, हा माणूस टोचून बोलतोय. त्यांनी घडी उलगडली, दोन्ही डाव्या बाजू खाली ठेवल्या, जुन्या खोळीचा कापूस आत भरला आणि कच्चे टाके घालायला बसल्या. टाके नेहमीपेक्षा जोरात ओढले जात होते. दोऱ्याचा काय दोष होता, तो दोनदा तुटला.

पाचव्या दिवशी सकाळी माळी आला. मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर टेप. करवत गॅरेजवाल्याची, स्पिरिटनं पुसून ठेवलेली. गंधकाची पूड एका बशीत. आणि कापायच्या रिकाम्या टेबलावर निवडुंगाचा कोट. माळी चहाचा कप घेऊन टेबलाशी टेकला, सहज त्यावर हात फिरवला, आणि थांबला. उघडा डोळा कापडाच्या अगदी जवळ नेला.

"मास्तर, हे माझं कापड."

मास्तर टेपकडे बघत म्हणाले, "चहा गार होईल."

"माझ्या लग्नाच्या कोटाचं. हो की नाही? वीस वर्षं घातलाय मी तो कोट, झोपेतसुद्धा ओळखेन." तो हसत काकूंकडे वळला. "वहिनी, आता दुकान बंद झालं म्हणून सांगतो, नाहीतर मला सक्त ताकीद होती की कुठे बोलायचं नाही, धंदा बसेल. या तुमच्या मास्तरांनी आयुष्यात एकच चूक केली, ती माझ्या कोटात. दोन्ही डाव्या बाजू कापल्या."

काकूंच्या हातातली सुई तशीच राहिली.

"कोणी कापल्या?"

"यांनीच. स्वतः आले होते सांगायला, बागेत. मी रोपं लावत होतो. म्हणाले, माझ्या हातून चूक झाली, तसंच नवीन कापड आणलंय, लग्नाच्या आधी कोट देतो. माझं लग्न आठ दिवसांवर. आधी रागावलो मी. मग यांचा चेहरा बघितला आणि राग गेला. म्हटलं, मास्तर, तुमच्या धंद्यात कापलेलं वाया जातं, आमच्या धंद्यात कापलेलं वाढतं. आणि याचं बोटभर कांड दिलं कापून. म्हटलं, हे लावा, पुन्हा कापताना चुकलात तर याच्याकडे बघा." तो उरलेला चहा प्यायला. "पण नंतर चुकलेच नाहीत. कोट असा दिला की सासरचे नवऱ्यापेक्षा कोटाकडेच बघत होते."

मग तो हात धुवायला मागच्या नळावर गेला. आपण काय केलं याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

ओट्यावर दोघंच राहिले.  काकूंनी सुई पदराला टोचली, जशी नेहमी टोचत.

"तुम्ही तुमचं नाव सांगितलंत."

"मग काय तुझं सांगणार होतो? तीन महिने झाले होते तुला इथे येऊन. गल्लीत तेवढंच नाव झालं असतं तुझं."

"आणि मला वाटत राहिलं..." काकू थांबल्या. "कातर का काढून घेतलीत मग?"

 बोलणंही मास्तर तीनदा मोजूनच कापायचे.

"टाका चुकला तर उसवता येतो. कातर चुकली तर उसवता येत नाही. म्हटलं, जे उसवता येत नाही ते घरात एकाच्याच नावावर असावं. माझ्या."

"मला विचारलंत?"

"नाही."

"एक्केचाळीस वर्षं मला वाटतंय की तुमचा माझ्या हातावर भरवसा नाही."

मास्तरांनी मान वर केली. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं. "म्हणजे मीही दोन्ही डाव्याच कापल्या," ते हळू म्हणाले. "तुझ्या बाजूनं उलटून बघायचं राहिलंच."

काकूंना राग आला होता, आणि त्याच वेळी इतकं भरून आलं की रागाला उभं राहायला जागा उरली नाही. हा माणूस लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात बागेपर्यंत चालत गेला होता, तिची चूक अंगावर घेऊन. त्या चुकीचं रोप दारात लावून रोज तिला दाखवत होता आणि तिला कळू देत नव्हता. वेडाच म्हणायचा. असा वेडा मिळाला याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते काकूंना कळेना, म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि करवत उचलली.

"टेप धरा," त्या म्हणाल्या.

आधी दोन फांद्या काढल्या, सांध्यापाशी. त्या सोप्या होत्या, बारीक मानेवर कापायच्या. मग शेंडा दोरानं खिडकीच्या गजाला बांधला, गॅरेजवाला पोत्याचे हातमोजे घालून तो धरायला उभा राहिला, आणि मुख्य काप कुठे घ्यायचा यावर वाद झाला. काकूंनी हिशेब केला होता. आठ फूट छत, दीड फूट कुंडी, राहिले साडेसहा. त्यांनी साडेसहावर खडूची खूण केली, मग सवयीनं चार बोटं वर सरकून दुसरी केली.

"हे चार बोटं काय?" माळ्यानं विचारलं.

"माया."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला टेलर माया म्हणतात. पोर वाढलं, माणूस सुटलं, की शिवण उसवून माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. मास्तर माया सढळ ठेवायचे. शाळेचा एक सदरा चार वर्षं पुरायचा. कापलेलं जोडता येत नाही, म्हणून जास्तीचं ठेवायचं, हे काकूंच्या हाडात मुरलेलं होतं.

माळी हसला. "वहिनी, कापड वाढत नाही म्हणून त्याला आत माया ठेवता. हे झाड वाढतं आणि छत वाढत नाही. याची माया याच्या डोक्यावर ठेवायची, रिकामी. पाच फुटांवर कापा."

"पाच? म्हणजे अर्ध्याहून जास्त गेलं."

"वाढायला जागा नको त्याला?"

काकूंनी मास्तरांकडे बघितलं. आजवर प्रत्येक कापाच्या वेळी त्या ज्या नजरेची वाट बघत मागे उभ्या असायच्या, ती नजर आता त्यांच्याकडेच वाट बघत होती.  मास्तरांनी टेपेचं टोक बुंध्याशी धरलं. टेप थरथरत होती. आकडा काकूंनी वाचला, तीनदा. खडूनं बुंध्याभोवती रेघ फिरवली, कंगोऱ्यांवरून वरखाली होत ती पूर्ण गोल जुळली.

"चहा?" मास्तर म्हणाले.

"नंतर."

करवत लागली तेव्हा काकूंना वाटलं होतं तसं काही झालं नाही. काकडी चिरताना होतो तसा आवाज आला, आत जरा कडक गाभा लागला, करवत तिथे थोडी अडली, मग पुढे गेली. हात थरथरला नाही. माळी सांगत होता, "तिरकं घ्या, तिरकं, पाणी साचायला नको," आणि काकू तिरकं घेत होत्या. शेंडा दोरावर झुकला, गॅरेजवाल्यानं पेलला. बुंध्याच्या माथ्यावर फिकट हिरवी ओली चकती उघडी पडली. काकूंनी त्यावर गंधकाची पूड लावली, बाळाला पावडर लावावी तशी, आणि दोन काट्यांच्या मधल्या जागेत तळवा टेकवून मनात म्हणाल्या, झालं रे, झालं.

शेंड्याचे आणि फांद्यांचे तुकडे सावलीत सुकायला ठेवले. कापलेली बाजू कोरडी पडली की लावायचे, असं माळ्यानं सांगितलं. गल्लीत ज्यानं मागितला त्याला एक मिळाला. गॅरेजवाल्यानं सगळ्यात मोठा घेतला, म्हणाला, पत्ता सांगायला काहीतरी लागेल.

सामानाच्या टेम्पोबरोबर आलेले दोन हमाल निवडुंगाला बघून आधी मागे सरले आणि मग हसत सुटले. पाच फुटी निवडुंग, अंगात काळपट निळा कोट, पुढे टाक्यांची रांग. "याला टाय कुठाय?" एकानं विचारलं. जिन्याच्या वळणावर तो अडकला, तेव्हा दुसरा म्हणाला, "साहेब, जरा वाका." कुणालाही एक काटा लागला नाही. लेक गॅलरीत उभी राहून बघत होती. दादाला कोट घातलेला बघून ती इतकी हसली की तिच्या हातातली परात पडली, आणि मग स्वतःच त्याच्या कुंडीसाठी वाळू आणि विटांचे तुकडे घेऊन आली.

माळ्यानं सांगितलं होतं, आठ-दहा दिवस पाणी नाही, मग अगदी थोडं, आणि मग धीर. धीर सगळ्यात अवघड. पहिल्या महिन्यात निवडुंग सुरकुतला. कंगोरे आत ओढले गेले, खालचा भाग पिवळट झाला. मास्तर रोज सकाळी खोलीतल्या खुर्चीत बसून दारातून त्याच्याकडे बघायचे. त्यांना इथली खुर्ची नीट बसत नव्हती, खिडकीतला उजेड चुकीच्या बाजूनं यायचा, काय करावं कळायचं नाही.

"म्हातारं झाड नव्या मातीत मूळ धरत नाही," एकदा ते म्हणाले.

काकूंना कळलं की हे झाडाबद्दल नाही. त्यांनी पेटीतून कातर काढून आणली. लेकीनं पडदे आणले होते, ते चार इंच लांब होते. जमिनीवर पडदा पसरला, टेपेचं टोक मास्तरांच्या हातात दिलं.

"माया किती ठेवू?"

"दोन बोटं," मास्तर म्हणाले. मग जरा विचार करून, "तुला वाटेल तेवढी."

त्यानंतर समोरच्या बायका एकेक करून पडदे घेऊन यायला लागल्या, मग एकीनं नवऱ्याचा सदरा आणला. काकू कापायच्या, मास्तर टेप धरायचे आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. चहाचा कप आता जाड कडांचा होता, बशीत वाजत नसे.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. कठड्याशी उभं राहून वळल्या तर निवडुंगाच्या कापाखाली, कंगोऱ्यावर, वाटाण्याएवढा एक हिरवा गोळा. त्याच्या शेजारी आणखी एक. काकूंनी ओला टॉवेल तसाच दोरीवर टाकला.

"अहो, फुटला."

मास्तरांनी खुर्चीतूनच मान पुढे काढली. बराच वेळ बघितलं. 

"दोन फुटवे?"

"दोन."

"अगं पण," मास्तर म्हणाले, आणि आता ते हसत होते, "दोन्ही डावीकडेच."

काकूंनी फुटव्यांकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं.

"तिथून," त्या म्हणाल्या. "इकडून उजवीकडे आहेत. या, बघा."

मास्तरांनी कप खाली ठेवला, खुर्चीच्या हाताला धरून उठले, उंबरा ओलांडला आणि तिच्या बाजूला येऊन उभे राहिले.